मी उसवलेली फीत

मेडल डाव्या छातीवर लावतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण मेडलं चार असली तर त्यांतलं पहिलं कुठलं, असं विचारलं की भलेभले सुभेदार माझ्या दुकानाच्या फळीवर बसून डोकं खाजवायचे. शौर्याचं मेडल सगळ्यांत आधी, छातीच्या मध्याकडे. मग लढायांची, ज्या क्रमानं मिळाली त्या क्रमानं. आणि कुणाच्या अध्यातमध्यात न पडता वर्षानुवर्षं नोकरी केल्याबद्दल जे मिळतं ते शेवटी, खांद्याकडे. बाहेरच्या जगात मान बहुधा उलट्या क्रमानं मिळतो, पण आमच्या फळीवर नियम म्हणजे नियम.

बेळगावच्या कॅम्पात, परेडच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीतलं कपाटच. आत मी आणि शिवणयंत्र, गिऱ्हाईक फळीवर, नाहीतर रस्त्यावर. जवानांची मेडलं पट्टीवर क्रमानं बसवून द्यायची, कडी सैल झाली तर आवळायची, फीत जीर्ण झाली तर बदलायची, चांदी उजळून द्यायची. उजळताना एक पथ्य असतं. कडेला हात लावायचा नाही. कड म्हणजे मेडलची जाडी. इंग्रजांच्या काळातल्या शौर्याच्या मेडलावर त्या कडेला सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं. ते घासून गेलं की मेडल कुणाचं हे सांगायला देवही खाली येत नाही. छत्तीस वर्षांत मी एकाही मेडलच्या कडेला धक्का लावला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचंय त्यात माझ्या बाजूनं बोलायला एवढीच गोष्ट आहे.

मूळचे आम्ही शहापूरचे विणकर. वडिलांच्या दोन हातमागांवर साड्या निघायच्या. गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट शिरला तसा मी माग सोडून कॅम्पात आलो. म्हणजे सोडला असं मला वाटलं. झालं असं, की नव्या मेडलांच्या फिती गुंडाळीनं विकत मिळायच्या, पण इंग्रजांच्या वेळच्या मेडलांच्या कुठे मिळेनात. म्हातारे शिपाई यायचे, मेडल लखलखीत चांदीचं आणि फितीच्या दशा लोंबताहेत. एके दिवशी मी वडिलांना म्हणालो, सव्वा इंच रुंदीचं कापड विणायचंय. ते म्हणाले, "उंदराला लुगडं नेसवायचंय काय रं?" पण आठ दिवसांत त्यांनी सुताराकडून वीतभर रुंदीचा एक माग करून आणला आणि माझी विणकरी पुन्हा सुरू झाली.

कापडाची नक्कल करायची विणकराची रीत एकच. नमुना उसवायचा. आडवे धागे एकेक करून ओढून काढायचे, म्हणजे उभे मोकळे होतात. ते रंगावारी मोजायचे, निळे किती, पांढरे किती, लाल किती. नुसतं डोळ्यांनी बघून विणलं तर कापड जवळपास जातं, तंतोतंत होत नाही. "उसवल्याबिगर कापड बोलत न्हाय," असं वडील म्हणत. मोजायचं काम माझी बायको गौरा करायची. ती गोकाककडची, कन्नड शाळेत शिकलेली. मराठी बोलायला ती लग्नानंतर वर्षभरात शिकली, वाचायला बऱ्याच वर्षांनी. आजही भाकरी मोजते ती कन्नडमधूनच. ओंदु, यरडु, मूरु असं पुटपुटत ती धागे माझ्या तळहातावर ठेवायची आणि मी आकडा वहीत मांडायचो.

फीत विणून झाली की टोकाला दोन आडवे धागे पिवळे घालायचे. ही आमच्या घराची खूण. वडील साडीच्या शेवटाला घालत, मी फितीच्या. मेडलच्या कडीतून ओवून फितीचं ते टोक मागे दुमडतात आणि शिवून टाकतात, त्यामुळे खूण घडीच्या आत जाते. कुणाला दिसत नाही, पण आपल्याला ठाऊक असतं, आणि तेवढ्यावर माझी कॉलर ताठ असायची.

गिऱ्हाईकं एकेक नग होती. संकेश्वरकडच्या एका निवृत्त हवालदारांना सात मेडलं. मी ती क्रमानं लावून दिली. आरशात बघून ते म्हणाले, "एका अंगाला वजन येतंय. चार हिकडं लाव, तीन तिकडं." मी नियम सांगितला. ते म्हणाले, नियम पलटणीत, आता मी घरी आहे. शेवटी त्यांच्या उजव्या खिशाला एक जाड फाउंटन पेन अडकवून मी तोल साधून दिला आणि ते खूश होऊन गेले. टिळकवाडीतल्या एक बाई सासऱ्यांची मेडलं काचेच्या चौकटीत बसवायला घेऊन आल्या. दिवाणखान्यातल्या पडद्यांना शोभतील अशा फिती घालून मिळतील का, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी हात जोडले. फितीचा मान राखणारा बेळगावात मी एकटाच, अशी माझी त्या काळी समजूत होती.

आमच्या धंद्याचा खरा सण खंडेनवमी. त्या दिवशी विणकर मागाची पूजा करतो, सुतार करवतीची, शेतकरी विळ्याकोयत्याची. आमच्या भागात घरटी एक शिपाई, त्यामुळे कितीतरी घरांत विळ्याशेजारी पाटावर मेडलही मांडतात, त्याला हळदकुंकू लावतात. मग दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात फळीवर बसायला जागा नसायची. एरवी पेटीच्या तळाशी पडलेली मेडलं तेव्हा बाहेर निघत.

मारुतीआप्पा आले ते अशाच एका खंडेनवमीच्या तोंडावर. त्याला चाळीस वर्षं झाली असतील. मी तिशीच्या आतला, दुकान नवं, हातात कसब आणि डोक्यात वारं. आप्पा निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीवर पहारेकरी होते. उंच, वाळलेलं अंग, डोक्याला पटका, आणि कपड्यांना तंबाखूचा असा वास की शेजारच्या माणसाला शिंक यावी. त्यांनी कनवटीची चंची सोडली, पानसुपारी बाजूला सारली आणि मेडल काढून फळीवर ठेवलं.

मी उठून उभा राहिलो. गोल, चांदीचं, एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, रणांगणावरच्या शौर्याबद्दल. दुसऱ्या महायुद्धातलं, इटलीतलं. कडेवर नंबर, हुद्दा नाईक, आणि नाव मारुती. असं मेडल मी तोवर हातात धरलं नव्हतं. फळीवर पलटणीतले दोन तरुण शिपाई बसले होते, तेही सरकून बसले. त्यांतल्या एकानं विचारलं, आप्पा, हे कशाबद्दल मिळालं?

"नदी हुती," आप्पा म्हणाले. "आपलं गडी पल्याड पडलंतं. पाण्यातनं आणलं."

"किती जण आणले?"

"मोजाय कुठं येळ हुता, लेका."

एवढंच. मग ते माझ्याकडे वळले. मेडल ज्या कडीला लटकतं ती कडी ढिली झाली होती. ते म्हणाले, "कडी तेवढी आवळ. फितीला हात लावू नगंस." मी बरं म्हणालो. पुढच्या आठवड्यात येतो म्हणून ते निपाणीच्या गाडीला गेले.

फितीला हात लावू नकोस म्हणाले होते. स्पष्ट म्हणाले होते. मी ऐकलं होतं. पण फीत म्हणजे नुसती चिंधी उरली होती. गडद निळ्यावर पांढऱ्या-लाल रेघा असायच्या, तिथे सगळं तपकिरी झालेलं, कडा विरलेल्या. आणि मला कळलं होतं की त्या दसऱ्यानंतर कॅम्पातल्या परेडला जुन्या मानकऱ्यांना बोलावलंय, आप्पाही त्यांत उभे राहणार आहेत. माझ्या दुकानातून गेलेलं असलं मेडल अशा चिंधीवर लटकणार? म्हाताऱ्याला भीड पडली असेल, नवी फीत मागायला संकोच वाटला असेल, अशी मी माझीच समजूत घातली. आपण त्यांना नवी फीत विणून भेट द्यायची. खरं सांगायचं तर भेट निमित्ताला होती. तसली फीत मी कधी विणली नव्हती आणि मला ती विणायची होती.

रविवारी दुपारी घरी ओसरीवर बसून मी फितीची शिवण सोडली आणि घडी उघडली. आतला भाग बाहेरचा प्रकाश न लागल्यामुळे गडद राहिला होता, रंग कळायला उत्तम. मी आडवे धागे ओढायला सुरुवात केली. गौरा समोर बसून मोजत होती. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "ह्यात तांबडं काय हाय वो? टाकं घातल्यात. मोजू का?"

मी पाहिलं. रेशमी फितीवर सुती, जाड, तांबड्या दोऱ्याचे काही टाके. दोरा नागमोडी होता. विणलेल्या कापडातून ओढून काढलेला धागा कधी सरळ होत नाही, वीण सुटली तरी तो वळण धरून राहतो, हे विणकराच्या पोराला शिकवावं लागत नाही. कुणीतरी जुन्या कापडातला दोरा ओढून रफू केलंय, माझ्या मनानं घेतलं. "रफू असंल," मी म्हणालो. "ते फितीतलं न्हवं. मोजू नगं." ते टाके मी सुईनं उचकटले, तळहातावर आले ते फुंकर मारून अंगणात उडवले आणि पुढचे धागे ओढायला घेतले.

तासाभरात फीत संपली. वहीत आकडे आले, निळे, पांढरे, लाल. आठ दिवसांत मी नवी फीत विणली, टोकाला दोन पिवळे धागे घातले. वडिलांनी ती उन्हात धरून पाहिली आणि पहिल्यांदाच काही टोमणा न मारता परत दिली.

आप्पा आले तेव्हा फळीवर गर्दी होती, बहुतेक पलटणीतलीच. मी मेडल मखमलीच्या तुकड्यावर ठेवून पुढे केलं. आप्पांनी ते उचललं. पुढून पाहिलं नाही, उलटं केलं आणि फितीच्या घडीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"जुनी?"

"उसवली, आप्पा. नक्कल करायची तर उसवावीच लागते. एक धागा इकडचा तिकडे नाही."

"सगळी?"

"सगळी."

ते फळीच्या कोपऱ्यावर बसले. शिपाई आपापसांत बोलत होते, मी दुसऱ्याचं मेडल पट्टीवर बसवत होतो. थोड्या वेळानं ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगली केलीयास, पोरा. लई चांगली." मेडल चंचीत घालून ते निघून गेले. परेडला मी मुद्दाम बघायला गेलो. आप्पा आले नव्हते. तब्येत बरी नसेल, म्हटलं मी, आणि माझी फीत कुणी पाहिली नाही याची मला हळहळ वाटली. त्यांची नाही, फितीची.

त्यानंतर ते दुकानी कधी आले नाहीत. मीही कितीतरी फिती विणल्या. आप्पांच्या फितीची गोष्ट मी नव्या गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत असे. इतक्या वेळा सांगितली की गौरा म्हणायची, आता ती फीतच येऊन सांगेल. डोळे मंदावले तसं मी दुकान बंद केलं. वीतभर माग माळ्यावर चढवला.

गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, एक बाई घर शोधत आल्या. साठीच्या आसपास, अंगावर साधं जुन्या वळणाचं लुगडं. पाणी प्यायल्या, मग पिशवीतून रुमालाची घडी काढून उलगडली. चांदीचं मेडल, माझी निळी फीत, आणि मागची शिवण उसवलेली. घडीत दोन पिवळे धागे. म्हणाल्या, मी शेवंता, निपाणीच्या नाईक मारुतीची लेक. फितीतल्या पिवळ्या धाग्यांवरून त्या मला शोधत होत्या. निपाणीच्या कापडबाजारात कुणीतरी शहापूरला विचारा म्हणालं, इथे एका म्हाताऱ्या विणकरानं धागे बघताच आमचं घर दाखवलं.

त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितो. त्यांचे वडील इकडचे नव्हतेच. चोर्ल्याच्या घाटाखाली गोव्याच्या सत्तरी भागात, तेव्हाच्या पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, राज्यात, एका खेड्यात जन्मलेले. म्हणजे परमुलखातले. बैलगाड्यांबरोबर घाट चढून पोरवयात खानापूरकडे आले. तेव्हा युद्धाची भरती जोरात होती, पण परक्या राज्याच्या माणसाला घेत नाहीत अशी त्यांची समजूत. त्याच सुमाराला खानापूर भागातल्या एका पोराला भरतीसाठी पाटलाचा दाखला मिळाला होता आणि ऐन वेळी त्याचा धीर सुटला होता. तो पोरगा मारुती. त्यानं आपला दाखला ह्यांना दिला. दोघांनी देवीसमोर आण घेतली, की हा माणूस आपलं खरं नाव पुन्हा जिभेवर आणणार नाही, नाहीतर दोघंही तुरुंगात जातील.

आण त्यांनी पाळली. इटलीत मेडल मिळालं, कडेवर दुसऱ्याचं नाव ठोकलेलं. पलटणीच्या शाळेत अक्षर ओळखायला शिकले होते. आईच्या लुगड्याचा एक पट्टा घरून निघताना दंडाला बांधून आणला होता, तो युद्धभर तसाच होता. त्यातले धागे ओढून त्यांनी फितीच्या घडीत, आतल्या अंगाला, स्वतःचं नाव शिवलं. जिभेवर आणायचं नाही अशी आण होती, शिवायचं नाही अशी नव्हती. युद्धानंतर गावी गेले नाहीत. परक्या फौजेत गेलो म्हणून पाखले धरतील ही भीती, आणि आई तोवर गेल्याचं कळलं होतं. निपाणीत राहिले, लग्न केलं. तेव्हाच बायकोला हे सगळं सांगितलं, फक्त नाव आणि गाव सोडून, आणि म्हणाले, मी गेल्यावर फीत उसव, आत खरं नाव आहे. नवरा गेल्यावर तिचं धाडस झालं नाही. दाखल्याचं कुणाला कळलं तर, ह्या भीतीनं ती गप्प राहिली आणि दोन वर्षांपूर्वी मरताना लेकीला सांगून गेली.

"बा गेल्यापास्नं दरसाल मी म्हाळाला मारुती म्हणून पान वाढत्या," शेवंताक्का म्हणाल्या. "त्यो खरा मारुती बा गेल्यावर सहा वर्सं जित्ता हुता, अण्णा. जित्त्या माणसाचा म्हाळ घाटला मी."

त्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. पितरांना जेवायला बोलवायचं तर नाव घ्यावं लागतं. खऱ्या मारुतीच्या मुलांना काही ठाऊक नव्हतं. मग आक्का आपल्या मुलाला घेऊन घाट उतरून सत्तरीत गेल्या, पाच-सहा गावं पालथी घातली. लढाईला गेलेला, परत न आलेला पोरगा कुणाचा, असं विचारत फिरल्या. लोक चांगले होते. बसवायचे, पाणी द्यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, नाव काय? तिथेच सगळं थांबायचं.

"फीत उसवली तर आत ह्ये दोन पिवळं धागं," त्या म्हणाल्या. "अण्णा, जुन्या फितीत काय हुतं?"

मला त्याच क्षणी आठवलं. ओसरी, दुपारचं ऊन, तळहातावरचे तांबडे तुकडे, सगळं. आणि मी म्हणालो, "आठवत नाही, आक्का. चाळीस वर्षं झाली."

गौरा उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली. "असं कसं म्हणताय वो? तांबडं टाकं न्हवतं का त्यात? मी इचारलंतं की, मोजू का म्हणून."

आक्का सावकाश गौराकडे सरकल्या. "अक्षरं हुती?"

"मला तवा मराठी वाचाय कुठं येत हुतं, आक्का. वर एक रेघ हुती, खाली टाकं. मला नक्षीच वाटली."

"आन् तुमास्नी, अण्णा?"

मला येत होतं. मी मराठी शाळेत सातवी केलेली, वर्गात वाचनात पहिला. त्या घरात त्या दुपारी ते नाव वाचू शकेल असा मी एकटा होतो, आणि ते माझ्या डोळ्यांपुढे वीतभर अंतरावर होतं. मी सूत पाहिलं. सुती आहे, जाड आहे, जुन्या कापडातून ओढलेलं आहे, एवढं सगळं एका नजरेत पाहिलं. ते काय म्हणतंय ते पाहिलं नाही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मेडलच्या कडेला जपलं, आणि एका माणसाचं नाव उसवून, फुंकर मारून, अंगणात उडवलं, आणि त्या जागी माझ्या घराची खूण घातली. हे मी आक्कांना जसंच्या तसं सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही.

त्यांनी विचारलं, बा ओरडला नाही तुमच्यावर? मी सांगितलं, चांगली केलीयास म्हणाले. पुन्हा का शिवलं नाही त्यांनी, मी विचारलं, पुन्हा शिवता आलं असतं. त्या म्हणाल्या, आण मोडून शिवलं म्हणून देवीनंच काढून घेतलं, असं वाटलं असेल त्याला. तसा होता तो. मला मात्र वाटतं, आईच्या लुगड्याचे धागे संपले होते.

मी नमुन्यांची वही काढली. आप्पांच्या पानावर आकडे होते, आणि डिंकानं चिकटवलेला प्रत्येक रंगाचा एकेक धागा. निळा, पांढरा, लाल. आक्कांनी लाल धाग्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. नाही, म्हणालो मी, तो फितीचा आहे, रेशमाचा. तो दुसरा सुती होता, तांबडाभडक, घरी रंगवल्यासारखा. त्या पट्ट्याचं लुगडं हातमागाचं होतं, जाड विणीचं, आणि बरंच धुतलेलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजीचं लुगडं तांबडं हुतं म्हणा की. एवढं तरी कळलं."

माझ्याकडून त्यांना मिळालं ते एवढंच. उठण्याआधी त्यांनी मेडल माझ्यापुढे सरकवलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, राग धरू नगा. पर ह्ये पिवळं धागं काढा. माझ्या बापाच्या मेडलात तुमची खूण नगं."

मी चष्मा लावला, सुई घेतली आणि दोन्ही धागे काढले. वेळ लागला. घडी कोरी झाली. त्यांनी ती तशीच कोरी शिवून घेतली आणि दुपारच्या गाडीनं गेल्या. त्या वर्षी खंडेनवमीला मी मागाची पूजा केली नाही. गौरानं केली.

यंदा पितृपंधरवड्यात आक्कांच्या मुलाचा फोन आला. आजोबांचा म्हाळ आहे, आई म्हणते दोघांनी जेवायला या. मी गौराला म्हणालो, तू जा, माझं पोट बरं नाही. ती म्हणाली, "पोट बरंच हाय तुमचं. कापडं घाला."

निपाणीतलं दोन खोल्यांचं घर. भिंतीशी पाटावर आप्पांचा फोटो, त्यापुढे मेडल. गावातली चार-पाच माणसं जेवायला होती, कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. आक्कांनी पितराचं पान वाढलं, वडे, खीर, आमटी, भात. मग माझा हात धरून मला त्या पानाच्या शेजारी बसवलं. मला वाटलं, मानाचं पान आहे म्हणून. त्यांनी पाण्याची धार पानाभोवती फिरवली. इथे दरवर्षी नाव घेत असणार, कारण मुलानं हात जोडले आणि वाट पाहत राहिला. आक्का पानाकडे बघत म्हणाल्या:

"बा, तुझं नाव मला ठावं न्हाय. पर ज्यानं ते शेवटचं बघितलं, त्यो माणूस आणलाय. त्याच्यासंगं जेव."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. आक्का माझ्या पानात भात वाढत होत्या. मला उठून जावंसं वाटलं, पण उठणार कुठे? समोर गौरा होती, ती खाली बघत होती. "सुरू करा, अण्णा," आक्का म्हणाल्या. "त्यो खोळंबलाय."

मी घास घेतला. आक्का पुन्हा पुन्हा वाढत होत्या आणि मी एकदाही नको म्हणालो नाही. पानात एक शीतही ठेवलं नाही.